पाटीभर कोरडं मीठ

परवा सकाळी आमच्या गावातली चार पोरं वजनकाटा घेऊन घरी आली. वर उभं राहिलं की काचेत आकडा उमटतो, तो दवाखान्यातला काटा. मला वाटलं, आरोग्य खात्याची काही मोहीम असेल. मी अंगणवाडीत तीस वर्षं काढली, दर महिन्याला गावची पोरं वजनाला टांगली, त्यामुळे काटा दिसला की मला आपोआप हुरूप येतो. खुर्च्या दिल्या, चहा टाकला. तेवढ्यात त्यातला एक घसा खाकरून म्हणाला, "काकू, रागावू नका हां. यंदा बक्षीस एकावन्न हजार हाय. होडीत तुमच्या जागी दुसरं कुनीतरी बसवावं म्हनतो आमी."

"आणि हा काटा कशाला?"

"तुमाला पटावं म्हनून."

पटावं म्हणून! ह्याच पोराला मी झोळीत घालून तोललं होतं. किलोभर कमी भरला म्हणून त्याच्या आईच्या मागे लागून त्याला नाचणीची पेज पाजायला लावली होती. आता हा माझं वजन करायला आला. मी काट्यावर उभी राहिले नाही. चहा दिला, पण त्यात साखर घातली नाही. चौघांनी तो मुकाट प्यायला.

राग आला, भयंकर आला. पण पोरं गेल्यावर पडवीत बसले आणि मला एकदम हसूच फुटलं. एकटीच हसत बसले. कारण हे सगळं आमच्या ह्याच पडवीत एकदा होऊन गेलं होतं. फरक एवढाच, की तेव्हा हलकी मी होते.

आमचं गाव पेणजवळच्या गडबवरून आत वळलं की खाडीच्या काठाला लागतं. मी मूळची इथली नव्हे. माझं माहेर गागोद्याच्या बाजूचं, डोंगराच्या पायथ्याचं. भात, आणि भात निघालं की वाल. पाणी आम्हाला ठाऊक ते आभाळातलं, नाहीतर विहिरीतलं. लग्न होऊन इथे आले तर अंगणापासून शंभर पावलांवर पाणी दिवसातून दोनदा येतंय आणि दोनदा जातंय. पहिले आठ दिवस मी दाराला कडी लावून भांडी घासत होते.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. आत्या म्हणजे काय सांगू तुम्हाला! देहाने दणकट, चांगल्या अडीच माणसांच्या ऐवजाच्या. आवाज असा, की ह्या काठावरून हाक मारली तर त्या काठावरची म्हैस मान वर करायची. त्यांचं माहेर खाडीच्या पलीकडचंच, आमच्या धक्क्यावरून दिसायचं. घरात कुणाशी वाजलं की त्या काठावर जाऊन उभ्या राहायच्या आणि पलीकडच्या भावाला हाक मारून सगळी हकिकत सांगायच्या. दोन्ही गावांना ती तोंडपाठ व्हायची.

नारळी पौर्णिमेला आमच्या खाडीत होड्यांची शर्यत असते. तशा शर्यती पुष्कळ ठिकाणी असतात, पण आमच्या शर्यतीत एक बाई लागते. सहा वल्हवणारे, मागे सुकाणूला एक, आणि मधे बसलेली पाटीवाली. तिच्याजवळ बांबूच्या पाटीत पायलीभर मीठ, आमच्या मिठागरातलं, जाडं. होडीने खाडीमधल्या खांबाला वळसा घालून परत यायचं, आणि नुसतं पहिलं येऊन भागायचं नाही, मीठ कोरडं यायला हवं. रस्ता नव्हता तेव्हा बायका मीठ आणि मासळी घेऊन होडीनेच पेणच्या बाजाराला जायच्या. जी होडी आधी पोचेल तिच्या बायकांना मोक्याची जागा. पण मीठ भिजवून आधी पोचलात तर विकणार काय, डोंबल? त्यातूनच ही शर्यत निघाली. तपासणीही साधी. जाणत्या माणसाने पाटीत बुडापर्यंत हात घालायचा, मूठ भरायची, आवळायची आणि सोडायची. मीठ भुरभुर पडलं तर कोरडं. तळव्याला चिकटून राहिलं तर होडी बाद.

बक्षीस काय, तर एक नारळ. जिंकलेल्या होडीच्या पाटीवालीने तो फोडायचा, आपल्या पाटीतलं चिमूटभर कोरडं मीठ खोबऱ्याला लावायचं आणि पहिला तुकडा द्यायचा तो शेवटी आलेल्या होडीच्या पाटीवालीला. तो तुकडा हातात पडेपर्यंत त्या शेवटच्या बाईने होडीतून उतरायचं नाही. असं का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. आत्या वीस-बावीस वर्षं आमच्या होडीच्या पाटीवाली होत्या. बहुतेक वर्षी तो तुकडा देणाऱ्या त्याच असायच्या. घ्यायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मी आले तोवर पेणला जायला रस्ता झाला होता, टेम्पो सुरू झाला होता. तरणे बाप्ये कंपनीत लागले होते. आमचे हे रोह्याला जायचे, तीन शिफ्टमध्ये. वल्हं मारायचं त्राणही कुणाच्या अंगात नव्हतं आणि गरजही नव्हती. होड्या बांधावर पालथ्या पडल्या होत्या आणि कोंबड्या त्यांच्याखाली अंडी घालत होत्या. एके वर्षी शर्यतीला दोनच होड्या आल्या. दोन होड्यांची कसली शर्यत! एक पहिली आणि एक शेवटची. आत्यांनी नारळ फोडला, तुकडा दिला, घरी येऊन पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "संपलं गो आता. पुढल्या सालाला मी एकटीच बसेन होडीत."

आणि मग पैसा आला. रोह्याकडच्या एका कंत्राटदाराला आमच्या भागात नाव करायचं होतं. त्याने जाहीर केलं, पहिल्या होडीला रोख एक हजार एक. ह्यांचा महिन्याचा पगार तेव्हा त्याच्या आसपास होता. तुम्हाला सांगते, काय जादू झाली! आठ दिवसांत पालथ्या होड्या सुलट्या झाल्या. कोंबड्यांना हाकललं, फटी बुजवल्या, डांबर लावलं, वरून निळे-हिरवे रंग चढले. ज्यांना घरी पाण्याचा हंडा उचलवत नव्हता ते रोज संध्याकाळी खाडीत वल्ही मारायला लागले. सात होड्या! कमिटी झाली, पावतीपुस्तक झालं, कमिटीत लगेच दोन तट पडले. पैशाने खेळ बिघडतो असं म्हणणारे लोक मला पुष्कळ भेटतात, पेणच्या वाचनालयात तर फारच भेटतात. त्यांना मी एवढंच विचारते, तुम्ही दोन होड्यांची शर्यत कधी पाहिली आहे का?

काहीच बिघडलं नाही असं मात्र मी म्हणत नाही. बिघडलं, आणि ते आमच्याच घरात बिघडलं.

ह्यांच्यासकट होडीतले सातही जण एका दुपारी आमच्या पडवीत जमले. बराच वेळ भरतीच्या, वाऱ्याच्या गप्पा झाल्या. आत्या सुपात तांदूळ निवडत होत्या. शेवटी सुकाणूवाला म्हणाला, "आत्या, तुमच्या वजनानं होडी टेकते. हजाराचा मामला हाय. अवंदा कुनी हलकं बसवू."

"कोन?" आत्यांनी मान वर केली नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तेव्हा बेचाळीस किलोंची, सुकलेल्या बोंबलासारखी. पोहता येत नव्हतं. होडीत आयुष्यात एकदाच बसले होते, तेही डोळे मिटून. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे कौलं मोजत होते.

आत्यांनी सूप खाली ठेवलं. "बसवा," म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. एका शब्दात बोलणं संपवताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

खरं सांगते, वाईट वाटलं. पण मनात कुठेतरी उकळ्याही फुटत होत्या. गावात मला 'डोंगरातली' म्हणायचे. मासे साफ करता येत नाहीत, चिखलातून चालता येत नाही म्हणून पाणवठ्यावर बायका पोट धरून हसायच्या. आता त्याच डोंगरातलीवाचून होडीचं अडलं होतं. मी उगीचच ताठ चालायला लागले.

घरात मात्र अबोला. भाकरी थापताना, पाणी भरताना, आत्यांच्या तोंडाला कुलूप. शेवटी शर्यतीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "आत्या, मला काहीच कळत नाही हो. कशी बसू, मीठ कसं सांभाळू, तेवढं तरी सांगा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "नीट झाक, म्हंजे झालं."

मी त्यांच्या पाया पडले. केवढं समाधान वाटलं मला! झाकणं मला येत होतं. खळ्यावर भात पडलंय आणि अवकाळी ढग आला, की आमच्या माहेरची सगळी माणसं जीव टाकून धावतात आणि मिळेल त्याने भात झाकतात. त्यात मी लहानपणापासून तयार होते.

पौर्णिमेची भरती दुपारी. सकाळी बघते तर आत्या घरात नाहीत. ठेवणीतलं हिरवं लुगडंही दांडीवर नाही. कुणीतरी म्हणालं, पलीकडे माहेरी गेल्या. मला वाटलं, रुसून गेल्या, आता शर्यत बघायलाही यायच्या नाहीत. धक्क्यावर गेले तर काय बघते! पलीकडून त्यांच्या माहेरची होडी येत होती. जुनी, बोजड, तिला कुणी रंगही लावलेला नव्हता. वल्ह्यांवर त्यांचे दोन भाऊ आणि त्यांच्याच वयाचे चौघे. आणि मधोमध हिरव्या लुगड्यात आत्या.

"आई, हे काय?" हे काठावरून ओरडले.

"तुमच्या होडीत मी जड झाले," आत्या म्हणाल्या, "माझ्या भावांना झाले नाय."

दोन्ही काठांना ऐकू गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. ह्यांचे कान लाल झाले. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण धक्क्याखाली धरणी कुठली, पाणीच होतं.

शिट्टी झाली आणि होड्या सुटल्या. मी पाटी होडीच्या तळाशी दोन पायांच्या मधे ठेवली होती, बैलगाडीत ठेवतात तशी. वर ओणवी होऊन पदराने, हातांनी, छातीने असं झाकलं होतं, की मिठाला वारा लागू नये. वल्ह्यांचं पाणी उडत होतं. माझी पाठ भिजली, अंबाडा भिजला, नाकातोंडात खारं पाणी गेलं, पण मिठावर मी एक थेंब पडू दिला नाही. मनात म्हटलं, बघा आत्या, डोंगरातलीला जमतं की नाही! खांबाला वळसा घातला तेव्हा आमच्या पुढे एकच होडी होती.

आम्ही परत निघालो तेव्हा समोरून आत्यांची होडी येत होती. ती अजून खांबाकडेच चालली होती, सगळ्यांच्या मागे. भाऊ धापा टाकत होते. दोन्ही होड्या जवळून जाताना आत्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. आणि चुलीवर दूध उतू चाललंय नि घरात कुणाचं लक्ष नाही, असा त्यांचा चेहरा झाला.

"अगो बाय!" आवाज असा आला की आमच्या होडीत दोघांची वल्ही चुकली. "वरनं काय झाकतेस? पानी खालनं येतंय, खालनं! पाटी मांडीवर घे!"

मी खाली पाहिलं. होडीच्या तळात चार बोटं पाणी साचलं होतं आणि पाटीचं बूड त्यात टेकत होतं. माझ्या जन्मात पाणी वरून पडत आलेलं. होडी म्हटली की ते खालून झिरपतंच, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. ज्यांनी सांगायचं त्यांनी ते बरोबर गाळलं होतं.

"आक्का, तू कुनाच्या होडीत बसलीस?" आत्यांचा भाऊ ओरडला.

"तू वल्हं मार!" आत्या त्याच्यावर खेकसल्या आणि पुन्हा अख्ख्या वळून माझ्याकडे, "गुडघं आवळ गो! सुकानूच्या पुढं डबा हाय, पानी उपस! उपस, बघतेस काय!"

मी पाटी उचलून मांडीवर घेतली. डाव्या हाताने ती छातीशी धरली आणि उजव्या हाताने डब्याने पाणी उपसायला लागले. हात भरून आला, कंबर मोडायची वेळ आली. तेव्हा कुठे मला कळलं, की वीस वर्षं आत्या होडीत नुसत्या बसत नव्हत्या. मांडीवर पायलीभर मीठ, एका हाताने पाटी, दुसऱ्या हाताने डबा, आणि वर तोंडाने सहा जणांना ताल देणं चालूच. वल्हवणाऱ्यांची नजर पुढे काठाकडे. त्यांना आत्यांचं काम दिसायचंच नाही, फक्त वजन जाणवायचं.

आम्ही दुसरे आलो. पहिली होडी शेजारच्या गावाची. परीक्षक होता मिठागरावर जन्म काढलेला एक म्हातारा. त्याने पहिल्या होडीच्या पाटीत हात घातला, मूठ आवळली, सोडली. मीठ भुरभुर पडलं. त्यांच्या लोकांनी टोप्या उडवल्या. म्हाताऱ्याने बुडातली आणखी एक मूठ काढली आणि तिच्याकडे बघतच राहिला.

"श्रावनात, भर खाडीत, एवढं कोरडं?" तो म्हणाला. "अरे, माझ्या मिठागरात मे महिन्यात एवढं कोरडं नसतं."

त्याने पाटी उलटी केली. मिठाच्या ढिगाबरोबर आतून खताच्या गोणीतला प्लास्टिकचा कागद बाहेर आला, पाटीच्या मापाने नीट कापलेला. मग काय विचारता! एवढा गोंगाट आमच्या धक्क्याने पुन्हा ऐकला नाही. प्लास्टिक लावू नये असं कुठं लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं. लिहिलेलं खरंच कुठेच नव्हतं, कारण एका नारळासाठी कुणी एवढं डोकं चालवलंच नव्हतं. अर्धा तास भांडण झालं. एकाचा सदरा फाटला, आणि तो भांडण सोडवायला गेलेल्या कमिटीवाल्याचाच. शेवटी होडी बाद झाली आणि म्हातारा माझ्या पाटीकडे वळला.

वरची मूठ कोरडी. मधली कोरडी. तिसरी मूठ त्याने बुडातून काढली आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले तेव्हा त्याच्या तळव्यावर मिठाचा लहानसा गोळा होता. तो हळूच फुटला, खाली पडला, आणि तळव्यावर दोन खडे उरले. म्हाताऱ्याने फुंकर मारली. दोन्ही उडाले.

"कोरडं," तो म्हणाला. मला ह्यांनी सगळ्यांदेखत उचललं. एरवी हे चारचौघांत माझ्याशी बोलायचेसुद्धा नाहीत.

मांडवात पाहुणे बसले होते. आम्हाला वर बोलावलं, पाकीट दिलं, फोटो काढला, भाषण झालं. पोरांनी खाली उतरून तिथेच वाटण्या केल्या. आठ जणांना सव्वाशे सव्वाशे, वर उरला एक रुपया. माझ्या हातात, माझे म्हणून, पहिल्यांदाच एवढे पैसे आले होते. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. ते पैसे मी दोनदा मोजले आणि कनवटीला लावले. मग आठवण झाली. कमिटीवाल्याला विचारलं, "नारळ कुठाय?"

"आता रोख हाय ना वैनी, नारल कशाला? पाहुन्यांना रोह्याला जायचंय."

मी पाण्याकडे पाहिलं. सहा होड्या रिकाम्या झाल्या होत्या. सातवीत आत्या बसल्या होत्या. ओहोटी लागली होती, पाणी झपझप मागे सरत होतं आणि होडी चिखलात टेकायला आली होती. भाऊ चिखलात उभे राहून हातापाया पडत होते. "आक्का, उतर. नारलच नाय अवंदा."

"नाय तर नाय. तुकडा आल्याबगर शेवटची पाटीवाली उतरत नाय."

शेवटची! ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं, सगळ्या गावासमोर, हिरव्या लुगड्यात ताठ बसून. मला राहवेना. मी दुकानाकडे धावत सुटले. उरलेला तो रुपया आणि वर माझ्या सव्वाशेतले घालून नारळ घेतला, धक्क्याच्या दगडावर फोडला, पाटीतलं मीठ लावलं आणि साडी खोचून चिखलात शिरले. पहिल्या दहा पावलांत गुडघ्यापर्यंत गेले. आणखी पाचांत मांडीपर्यंत, आणि तिथे अडकले ते अडकलेच. अख्खं गाव बघतंय, आणि मी हातात खोबरं उंच धरून खांबासारखी उभी.

"पाय सरळ उपटू नको गो!" आत्या होडीतून ओरडल्या. "टाच आधी काढ! वाकडी हो, वाकडी!"

वाकडी झाले, टाच काढली, पोचले. तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि शांतपणे चावत राहिल्या.

"मीठ कमी लावलंस," म्हणाल्या.

मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी तुला सांगितलं नाय गो. मुद्दाम नाय सांगितलं."

"सांगितलंत की," मी म्हटलं, "खाडीभर सांगितलंत."

त्या हसायला लागल्या, मी हसायला लागले, दोघींच्याही डोळ्यांतून पाणी. आत्यांच्या हसण्याने होडी चिखलात आणखी चार बोटं रुतली. शेवटी त्यांना काठावर आणायला आमच्याच होडीतले सातही जण लागले, तेच ते हजाराचा मामलावाले. वाटेत आत्या प्रत्येकाला विचारत होत्या, "जड लागते काय रे?" कुणीही नाही म्हणालं नाही, कारण कुणाला बोलायला दमच उरला नव्हता.

पुढल्या वर्षी पाकिटासोबत नारळही आला. पोरं न बोलावता पडवीत आली आणि आत्यांची जागा आत्यांना परत मिळाली. त्यानंतर बक्षीस वाढत गेलं आणि नियमही. प्लास्टिक नको, भाड्याने आणलेले वल्हवणारे नकोत, दारू पिऊन वल्हवायचं नाही. हे सगळं आधी कुणी करत नव्हतं म्हणून लिहावंही लागत नव्हतं. पण रोह्याच्या कुंडलिका नदीवरच्याही होड्या यायला लागल्या, आमच्या पोरांना वल्हं धरता यायला लागलं, ते ह्या पाकिटामुळेच. आत्या आणखी सात वर्षं बसल्या. गुडघे गेले तेव्हा त्यांनी स्वतः पाटी माझ्या मांडीवर ठेवली. तोपर्यंत मीही बऱ्यापैकी भरले होते.

आणि आता एकावन्न हजार. त्या चार पोरांना दोष देऊन काय करू? त्यांना त्या वर्षीचं काय ठाऊक! पण रात्रभर मला झोप लागली नाही. आत्यांना निदान समोर माहेर होतं, होडी घेऊन आलेले भाऊ होते. माझ्या माहेरी होडी बांधायची म्हटली तर आंब्याच्या झाडाला बांधावी लागेल. यंदा धक्क्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शर्यत बघायची, ह्या विचाराने मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आत्यांच्या भावाचा नातू, पलीकडून. "आत्या, आमच्या होडीत बसाल काय?" मला आत्या म्हणाला तो. मी म्हटलं, अरे, मी तुमच्या गावची नाही. तर म्हणतो, "आमच्या आज्याच्या बहिनीची सून, म्हंजे तुमी कुठल्या गावच्या? आनि वजनाचं काय सांगू नका. आमची होडी तशीबी शेवटचीच येते. पहिला तुकडा आपलाच." फोन ठेवला आणि मी पदर तोंडाला लावून मनसोक्त रडले. साठी उलटल्यावर खाडीकाठी माहेर मिळालं मला.

काल संध्याकाळी आमच्या होडीची नवी पाटीवाली आली. सुकाणूवाल्याच्या घरची नवी सून, रोह्याची, पेणला बँकेत असते. गोड आहे पोरगी, आणि वजन असेल पंचेचाळीसच्या आतबाहेर. दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, मला फार वाईट वाटतंय हो. पण मला काहीच माहीत नाही. कसं बसायचं, मीठ कसं सांभाळायचं, तेवढं सांगाल?"

मी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. पाटी मांडीवर, डबा उजव्या हाताला, सगळं अगदी जिभेवर आलं होतं.

"नीट झाक, म्हणजे झालं," मी म्हटलं.

ती वाकून माझ्या पाया पडली. बाकीचं मी तिला खाडीत सांगणार आहे, खांबाजवळ. आज सकाळपासून कोमट पाण्याच्या गुळण्या सुरू केल्यात.